रेन ट्री उर्फ पर्जन्यवृक्ष : नाशिककरांचे वारंवार येणारे प्रश्न

कॉलेज रोड, गंगापूर रोड, देवळाली कॅम्प, सातपूर, सगळीकडून रेन ट्रीबद्दल प्रश्न येत असतात आणि बरेचसे तेच तेच असतात, म्हणून एकदाच नीट उत्तरं लिहून ठेवतेय. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, खाली खाली जरा अवघड. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा.

१. रेन ट्री म्हणजे नक्की कुठलं झाड? ओळखायचं कसं?

बुंधा रस्त्याच्या एका बाजूला आणि फांद्या पार पलीकडच्या दुकानांच्या बोर्डावर, असं झाड दिसलं की बहुतेक वेळा ते रेन ट्री असतं. मराठीत पर्जन्यवृक्ष किंवा विलायती शिरीष, शास्त्रीय नाव सामानिया सामान, जुन्या पुस्तकांत अल्बिझिया सामान किंवा पिथेसेलोबियम सामान पण सापडेल, झाड एकच. कुळ शेंगांचं, म्हणजे तूर, चिंच, बाभूळ यांचंच.

उंची साधारण १५ ते २५ मीटर, पण पसारा ३० मीटरपर्यंत जातो, उंचीपेक्षा रुंदी जास्त हीच पहिली खूण. खोड आखूड आणि जाड, साल काळपट करडी, उभ्या-आडव्या भेगा पडलेली. पान दोनदा विभागलेलं असतं, म्हणजे मधल्या देठाला दोन्हीकडे उपदेठांच्या जोड्या आणि त्या उपदेठांवर बारीक पानं, त्यांना पर्णिका म्हणतात. या पर्णिका शंकरपाळ्यासारख्या तिरक्या चौकोनी असतात आणि टोकाकडे जाल तशा मोठ्या होत जातात, सगळ्यात मोठी जोडी शेवटी. ही खूण एकदा लक्षात ठेवली की फुलं-शेंगा नसताना पण झाड ओळखता येतं.

२. शिरीष, विलायती चिंच आणि रेन ट्री यात माझा नेहमी गोंधळ होतो, फरक काय?

होणारच, नावंच तशी आहेत. शेंग बघा, शेंग कधी फसवत नाही.

आपला शिरीष म्हणजे अल्बिझिया लेबेक, त्याची शेंग चपटी, कागदासारखी पातळ, फिकट पिवळट, वाळली की वाऱ्यावर खुळखुळते आणि पानं गळून गेली तरी झाडावर लटकत राहते. फुलं हिरवट पांढरी, वास मस्त. रेन ट्रीची शेंग जाड, काळपट तपकिरी, आत चिकट गर, खाली पडली तरी फुटत नाही, फुलं गुलाबी. विलायती चिंचेला काटे असतात, शेंग गोल वळलेली आणि आत पांढरा-गुलाबी गर, तोच जो शाळेबाहेर विकायला असायचा. गुलमोहर पण शेंगांच्याच कुळातला पण त्याच्या पर्णिका अगदी बारीक आणि शेंग तलवारीएवढी लांब, कडक लाकडी, त्यामुळे तिथे गोंधळ व्हायचं कारण नाही.

३. हे झाड मूळचं कुठलं?

मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, म्हणजे ग्वाटेमाला, एल साल्वाडोरपासून कोलंबिया, व्हेनेझुएलापर्यंत. तिथे वर्षातले काही महिने कडक कोरडे जातात आणि मग जोरदार पाऊस, जवळपास आपल्यासारखंच, फक्त आपली थंडी त्यांच्याकडे नाही.

व्हेनेझुएलात माराकाय गावाजवळ 'समान दे गुएरे' नावाचं एक प्रसिद्ध झाड होतं. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ १८०० साली तिथे गेला तेव्हा त्याने त्या झाडाच्या पसाऱ्याचा घेर ५७६ फूट नोंदवला आणि खोडाची जाडी फक्त ९ फूट. म्हणजे त्या काळातसुद्धा बघणाऱ्याला आश्चर्य वाटलं ते उंचीचं नाही, पसाऱ्याचंच.

४. मग ते इथे कसं पोचलं? आणि जगभर कसं पसरलं?

माणसांनी नेलं. १८४७ मध्ये हवाईला दोन बिया नेल्या गेल्या आणि तिथली झाडं त्यातूनच वाढत गेली असं सांगतात, सिंगापूरला ते १८७६ मध्ये आलं, आणि भारतात पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच, इंग्रजांच्या काळात. त्यांना रस्त्याकडेला, कॅम्पात, बंगल्यांच्या आवारात लवकर सावली पाहिजे होती आणि हे झाड चांगल्या जागी वर्षाला मीटरभर सहज वाढतं. कॉफी, कोको, मिरी अशा पिकांना सावली म्हणून पण बऱ्याच देशांत लावलं. थायलंडमध्ये तर यावर लाखेचे किडे वाढवतात आणि लाकडातून वाडगे, हत्ती वगैरे कोरतात.

त्यानंतरचं काम गुरांनी केलं. शेंग गोड असते म्हणून गाय-शेळी आवडीने खाते, बी इतकं टणक की पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं आणि शेणात आयतं खत मिळतं. नाशिकमध्ये नाल्याच्या कडेला किंवा मोकळ्या प्लॉटमध्ये कुणी न लावलेलं रेन ट्रीचं रोप दिसलं तर बहुतेक ते असंच आलेलं असतं. पॅसिफिकमधल्या फिजी, वानुआतूसारख्या काही बेटांवर याचा इतका प्रसार झाला की तिथे त्याला त्रासदायक आक्रमक झाड मानतात. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे, त्यासाठी प्रश्न १८ बघा.

५. आमच्याकडचं झाड २०० वर्षांचं आहे असं आजोबा सांगायचे, खरं असेल का?

झाड रेन ट्री असेल तर नाही. वर सांगितलं तसं ते भारतातच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलं, त्यामुळे कितीही जुनं म्हटलं तरी दीडशेच्या फार पुढे जाता येत नाही. वडाचं किंवा चिंचेचं असेल तर आजोबांचं बरोबर असू शकतं.

घोळ होतो तो घेरामुळे. हे झाड भराभर जाड होतं, चाळीस-पन्नास वर्षांत खोडाला दोन माणसांची मिठी पुरत नाही, आणि आपण वडाच्या हिशोबाने वय लावतो. नुसता घेर मोजून वय ठरवू नका. जुने फोटो, सोसायटीचा प्लॅन, रस्ता कधी झाला, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, यातून जास्त खरं उत्तर मिळतं. आणि वय माहीत असणं कामाचं आहे, का ते प्रश्न १७ मध्ये.

६. रेन ट्रीमुळे खरंच पाऊस पडतो का?

नाही. एखादं झाड किंवा झाडांची रांग आपल्या भागात पाऊस आणू शकत नाही.

पण झाडाखाली उभं राहिलं की बारीक तुषार अंगावर पडतात हे अगदी खरं आहे, बऱ्याच लोकांनी अनुभवलंय. ते कोवळ्या फांद्यांतला रस पिणाऱ्या किड्यांचं काम. रसात पाणी आणि साखर भरपूर, किड्याला हवं असलेलं बाकी पोषण थोडं, म्हणून तो खूप रस ओढतो आणि जास्तीचं गोडसर पाणी बाहेर टाकत राहतो. दुसरी गोष्ट अशी की पाऊस यायच्या आधी आभाळ भरून आलं की पर्णिका मिटतात (प्रश्न ७), मग पाऊस पानांवर न अडकता थेट खाली जमिनीपर्यंत जातो. या दोन्हींमुळे झाडाचं पावसाशी नातं जोडलं गेलं.

७. संध्याकाळी पानं मिटतात ती कशी? आणि दुपारी ढग आले तरी मिटली, काही रोग आहे का?

रोग नाही, निरोगी झाडाचं लक्षण आहे.

प्रत्येक पर्णिकेच्या, उपदेठाच्या आणि मुख्य देठाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या पेशींमध्ये पोटॅशियम इकडून तिकडे जातं, त्याच्यामागे पाणी जातं, एका बाजूच्या पेशी फुगतात, दुसऱ्या बाजूच्या ढिल्या पडतात आणि पर्णिका मिटते. सकाळी उलट. यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट ही की झाडाला आत स्वतःचं घड्याळ आहे, पूर्ण अंधारात ठेवलं तरी पानं काही दिवस आपल्या वेळेला उघडतात आणि मिटतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत रूथ सॅटर या शास्त्रज्ञ बाईंनी याच झाडाचे हे सांधे घेऊन त्यावर बरंच काम केलं, वनस्पतींच्या घड्याळाबद्दल आज जे कळलंय त्यात रेन ट्रीचा मोठा वाटा आहे.

उजेड एकदम कमी झाला तर घड्याळाची वेळ नसतानाही पानं मिटू शकतात, म्हणून जून-जुलैत भर दुपारी झाड मिटलेलं दिसतं. मुलांना दाखवायचं असेल तर संध्याकाळी पाचच्या सुमारास एखाद्या झाडाखाली अर्धा-पाऊण तास थांबा, आभाळ हळूहळू जास्त दिसायला लागतं.

काळजी कधी करायची? भर उन्हात, स्वच्छ सकाळी, आठवडाभर पानं मिटलेली आणि मरगळलेली दिसत असतील तर. मग मुळांचं बघा (प्रश्न १५) किंवा किडीचं (प्रश्न ११).

८. फेब्रुवारीत सगळी पानं गळाली, झाड मेलं का?

घाई करू नका. कोरड्या दिवसांत पानं टाकणं हा त्याचा स्वभाव आहे. नाशिकची थंडी पण त्यात भर घालते, आपल्याकडे पारा १० अंशांच्या खाली जातो, निफाडकडे तर अजूनच खाली, आणि हे झाड उष्ण प्रदेशातलं आहे. काही झाडं पूर्ण मोकळी होतात, काही अर्धी, आणि ज्याला नाल्याचं किंवा गटाराचं पाणी मिळतं ते जवळजवळ हिरवंच राहतं, त्यामुळे शेजारच्या झाडाशी तुलना करून घाबरू नका. नवी पालवी उन्हाळा लागता लागता येते.

एप्रिल संपला तरी काहीच नाही, असं असेल तर नखाने बारीक फांदीची साल खरवडा. आत हिरवं आणि ओलं असेल तर जिवंत आहे. सगळीकडे कोरडं तपकिरी असेल तर मात्र झाडांचा जाणकार माणूस बोलावा.

९. फुलं एवढी येतात आणि शेंगा त्या मानाने कमी, असं का?

जे आपल्याला एक गुलाबी फूल वाटतं तो साधारण वीसेक फुलांचा गुच्छ असतो. दिसतात ते पुंकेसर, खाली पांढरे आणि वर गुलाबी, पाकळ्या बारक्या, त्यांच्याकडे लक्षच जात नाही. मधलं एक फूल बाकीच्यांपेक्षा जाड आणि वेगळं असतं, मध मुख्यतः त्याच्यात. बाजूच्या फुलांमधून एका गुच्छाला एखाद-दुसरीच शेंग धरते, कितीतरी गुच्छांना तर एकही नाही. झाडासाठी शेंग महागडी गोष्ट आहे, १५ ते २० सेंटिमीटर लांब, गराने भरलेली, आणि पिकायला सहा-आठ महिने, त्यामुळे धरल्या तेवढ्या सगळ्या पोसणं त्याला शक्यच नाही.

आपल्याकडे बहर मुख्यतः मार्च ते मे.

१०. शेंगा चिकट आहेत, रस्ता घाण होतो. गुरांना घालू का? माणसाने खाल्ल्या तर चालतं का?

गाई, शेळ्यांना घाला, उन्हाळ्यात चारा महाग झालेला असतो तेव्हा हा फुकटचा चांगला खुराक आहे. शेंगेत प्रथिनांचं प्रमाण साधारण १३ ते १८ टक्के असतं आणि वर गोडी. अर्थात नुसत्या शेंगांवर जनावर ठेवू नका, कडब्याबरोबर थोड्या थोड्या द्या. रस्त्यावर गाड्यांखाली चिरडलेल्या, बुरशी आलेल्या घालू नका.

मुलं गर चाटतात, चव ज्येष्ठमधाच्या जवळची, लॅटिन अमेरिकेत त्याचं सरबत पण करतात. गरापर्यंत ठीक, पण बी चावून खाऊ नये, बीमध्ये, सालीत आणि पानांत अल्कलॉइड असतात.

घाणीबद्दल सांगायचं तर शेंगा पडायचा काळ ठरलेला आहे, तेवढ्या आठवड्यांत सोसायटीने रोज झाडून घेतलं आणि जवळपास कुणी गाई-शेळ्या पाळणारं असेल त्यांना पोतं भरून दिलं तर दोघांचंही काम होतं. चिकट शेंगा टू-व्हीलरच्या चाकाखाली घसरतात, वळणावर असतील तर आधी त्या उचला.

११. झाडाखाली गाडी लावली की चिकट ठिपके पडतात, आणि फांद्यांवर पांढरा कापूस दिसतोय. काय करू?

नुसते थोडे ठिपके असतील तर प्रश्न ६ मधलंच, गाडी पुसून टाका. पांढरा कापूस असेल तर तो पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, आणि ते हलक्यात घेऊ नका. मुंबईत गेल्या काही वर्षांत उपनगरांमधले मोठमोठे रेन ट्री वाळत गेले त्यात पिठ्या ढेकणाचा मोठा हात होता. ज्या झाडाची मुळं आधीच काँक्रीटमध्ये दाबलेली असतात त्याला ही कीड झेपत नाही.

लक्षणं अशी: कोवळे शेंडे वाकडे आणि गुच्छ झालेले, पांढरा थर, खालच्या पानांवर काळी बुरशी, खोडावरून मुंग्यांची रांग. मुंग्या त्या गोड पाण्यासाठी ढेकणांना सांभाळतात आणि त्यांच्या शत्रूंना हाकलतात, त्यामुळे आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, खोडाला चिकट पट्टा लावला तरी फरक पडतो. लहान झाड असेल तर पाण्याचा जोरदार फवारा आणि मग निंबोळी अर्क. मोठ्या झाडावर रस्त्यात उभं राहून जहाल औषध फवारू नका, खाली माणसं चालतात, वर पक्ष्यांची घरटी असतात. महापालिकेच्या उद्यान विभागाला फोटोसकट कळवा, जास्त लागण झालेल्या फांद्या काढाव्या लागतात, आणि काढलेल्या फांद्या ट्रॉलीत उघड्या टाकून गावभर फिरवू नयेत, झाकून न्याव्यात, नाहीतर तीच कीड वाटेत वाटत जातो आपण.

१२. माझी दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, बांधावर सावलीसाठी रेन ट्री लावू का?

नको. खरंच नको.

एकतर द्राक्षाला भरपूर ऊन आणि वारा पाहिजे, सावलीत घड नीट तयार होत नाहीत आणि ओल टिकून राहिली की डावणी, भुरी या बुरशीच्या रोगांना आमंत्रण. ३० मीटर पसरणारं झाड बांधावर लावलं तर शेजाऱ्याच्या बागेत पण सावली जाणार आणि भांडण होणार. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, द्राक्षावरचा गुलाबी पिठ्या ढेकूण, मॅकोनेलिकोकस हिर्सुटस, त्याला रेन ट्री पण तितकंच आवडतं. १९९० च्या दशकात ही कीड कॅरिबियन बेटांवर शिरली, ग्रेनाडा आणि त्रिनिदादमध्ये, तेव्हा तिथल्या रेन ट्रींची हालत फार वाईट झाली होती. म्हणजे बागेशेजारी तुम्ही ढेकणासाठी बारमाही घर उभं करणार, फवारणी वेलीवर करणार आणि कीड वीस मीटर उंचीवर सुरक्षित बसणार.

बांधावर आधीच जुनं झाड असेल तर तोडायची गरज नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर त्या बाजूच्या ओळींवर जास्त लक्ष ठेवा आणि पिठ्या ढेकूण खाणारे क्रिप्टोलेमस भुंगेरे सोडायचे असतील तर तिथूनच सुरुवात करा. गोठ्याजवळ, गुरांच्या मोकळ्या रानात एखादं झाड लावायचं असेल तर जरूर लावा, तिथे त्याच्यासारखं झाड नाही.

१३. याच्या खाली गवत चांगलं वाढतं म्हणतात, आमच्याकडे तर काहीच उगवत नाही?

दोन्ही खरं. शेंगवर्गीय झाड असल्यामुळे मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात, ते हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करतात. पानं गळतात, कुजतात, जमीन सुधारते. वरून सकाळ-संध्याकाळ पानं मिटलेली असल्यामुळे तिरपं ऊन खाली येतं आणि पाऊस पण. त्यामुळे गवत हिरवंगार.

पण याला उघडी, भुसभुशीत माती पाहिजे. झाडाखाली रोज पार्किंग असेल, माती दगडासारखी दबलेली असेल किंवा पालापाचोळा दर आठवड्याला झाडून जाळत असाल तर काय उगवणार? पाचोळा जाळू नका, तिथेच एका कोपऱ्यात कुजवा.

१४. बंगल्याच्या कंपाउंडमध्ये किंवा सोसायटीत नवीन लावू का?

तुमच्याकडे किती मोकळी जागा आहे ते आधी सांगा. चारही बाजूंना १२-१५ मीटर मोकळं, वरून वायर नाही, खालून ड्रेनेज नाही, असं असेल तर लावा. शाळेचं मैदान, कॉलेजचा कॅम्पस, एमआयडीसीतला मोठा प्लॉट, ट्रक टर्मिनल, अशा ठिकाणी हे झाड अगदी योग्य. नाशिक ६०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि शहरात पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, दोन्ही त्याला चालतं. मुरमाड जमिनीत जरा हळू वाढेल एवढंच.

पण रो-हाऊससमोरच्या पाच फुटी पट्टीत लावू नका. आज हातभर रोप गोड दिसतं, पंधरा वर्षांनी तेच झाड सगळ्यांना नकोसं होतं आणि मग त्याचे हाल होतात. लहान जागेसाठी बहावा, ताम्हण, आपटा लावा, मध्यम जागेसाठी करंज, कडुनिंब, आपला शिरीष.

१५. मुळं फुटपाथ आणि कंपाउंड वॉल उचलतायत. मुळं तोडली तर चालेल का?

जाड मुळं तोडू नका. या झाडाची मुळं वरच्या थरात लांबवर पसरतात, काळ्या मातीत किंवा खाली खडक असेल तिथे तर अजूनच वर, आणि वरचा एवढा पसारा त्याच मुळांनी धरून ठेवलेला असतो. एका बाजूची मुळं तोडली की झाड त्याच दिवशी पडत नाही, दोन-तीन पावसाळ्यांनी पडतं आणि तोपर्यंत मुळं तोडल्याचं सगळे विसरलेले असतात.

मुळात अडचण अशी की खोडाला अगदी चिकटून पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट घातलं जातं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत खोडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, आणि रेन ट्रीला तर तेवढं पण कमीच आहे. तुमच्या हद्दीत असेल तर ब्लॉक काढा, माती मोकळी करा, तिथे थोडा उंचवटा करून चालायला जागा ठेवा. भिंत असेल तर मुळाच्या वरून कमान किंवा बीम घेऊन बांधता येते, चांगला मिस्त्री करतो हे.

१६. वादळात पडेल का? कधी घाबरायचं?

मोकळ्या जागेत वाढलेलं, चारही बाजूंनी सारखं पसरलेलं झाड सहसा उभं राहतं, फांदी मात्र मोडू शकते कारण फांद्या लांब, आडव्या आणि जड असतात. मे महिन्यातला वळवाचा वारा आणि भिजून जड झालेला पाला, तेव्हा जास्त धोका.

खरा धोका आपण तयार करतो. वायरसाठी दरवर्षी एकाच बाजूच्या फांद्या छाटल्या की सगळं वजन दुसऱ्या बाजूला जातं. शेंडा सरसकट कापला की तिथून दहा बारीक फांद्या फुटतात, त्यांची पकड वरवरची असते आणि चार-पाच वर्षांनी त्याच खाली येतात. छाटायचंच तर फांदी जिथून निघते त्या जाडसर कड्याच्या जरा बाहेर, स्वच्छ कापा, खुंट ठेवू नका. भरपूर लांब फांदी असेल तर आधी खालून थोडा काप द्या, मग वरून, नाहीतर साल खोडापर्यंत सोलली जाते.

बुंध्याशी कठीण, एकावर एक थर असलेली तपकिरी भूछत्रं उगवलेली दिसली, खोडावर ठोकल्यावर पोकळ आवाज आला, एका बाजूची माती उचलल्यासारखी दिसली, किंवा झाड अचानक कललं, यातलं काहीही असेल तर पावसाळ्याची वाट बघू नका. त्याखाली रिक्षा स्टँड किंवा चहाची टपरी असेल तर त्या लोकांना आधी सांगा.

१७. झाड आमच्याच जागेत आहे, तरी छाटायला परवानगी लागते का?

लागते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ प्रमाणे तुमच्या कंपाउंडमधलं झाड असलं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि 'तोडणे' यात जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणं हे पण येतं. म्हणजे बुंध्याशी आग लावणं, सालीचा गोल पट्टा काढणं, भोक पाडून काही ओतणं, हे सगळं गुन्ह्यातच. महापालिका हद्दीत उद्यान विभागाकडे अर्ज करायचा, देवळाली कॅन्टोन्मेंटमध्ये राहत असाल तर तिथलं बोर्ड वेगळं आहे, त्यांच्याकडे विचारा.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं 'हेरिटेज' धरली जातात आणि तोडायची परवानगी मिळालीच तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवीन झाडं लावायची, असा नियम आहे. इथेच प्रश्न ५ महत्त्वाचा होतो. नाशिकमधली कितीतरी रेन ट्री पन्नाशी ओलांडलेली आहेत आणि कागदावर मात्र त्यांचं वय वीस-पंचवीस लिहिलं जाऊ शकतं. सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं चालू आहेत, झाडावर नोटीस लागली तर तिच्यावरचं वय वाचा, पटलं नाही तर मुदतीत लेखी हरकत घ्या आणि सोबत जुना फोटो जोडा.

१८. हे परदेशी झाड आहे, मग तोडून देशी झाडं लावायला नकोत का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारे बहुतेक झाडांवर प्रेम करणारेच असतात, म्हणून सविस्तर लिहितेय.

नवीन लावताना देशी झाडांना पहिली पसंती, यात माझं काही दुमत नाही. गोदावरीच्या काठाला उंबर, अर्जुन, करंज पाहिजेत. आणि ब्रह्मगिरी, अंजनेरी अशा डोंगरांवर रेन ट्रीचं एकही रोप नेऊ नका, हिरवं करायचं म्हणून पण नाही. अंजनेरीच्या मोकळ्या कातळावर आणि गवतात सेरोपेजिया अंजनेरिका नावाची कंदीलपुष्पाची जात आहे, तिचं नावच त्या डोंगरावरून ठेवलंय. तिला ऊन पाहिजे. अशा जागी मोठं सावलीचं झाड वाढवणं म्हणजे तिची जागा घेणं.

पण शहरातलं साठ-सत्तर वर्षांचं उभं झाड तोडणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याच्या जागी लावलेलं देशी रोप जगलं तरी तेवढी सावली द्यायला तीस-चाळीस वर्षं घेणार. तोपर्यंत एप्रिलच्या उन्हात त्या रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाईने कुठे बसायचं? बगळे, वंचक, घारी यांनी घरटी कुठे करायची? सुबाभूळ किंवा घाणेरीसारखं हे झाड आपल्याकडच्या रानात घुसून सगळं व्यापत बसलंय असं दिसत नाही, त्याची रोपं गुरांच्या वाटेवर, नाल्याकडेला येतात, ती लहान असतानाच काढून टाकता येतात. जुनं आहे ते सांभाळा आणि त्याच्या आसपास आत्तापासून देशी झाडं वाढवा, म्हणजे ते म्हातारं होऊन जाईल तेव्हा दुसरी सावली तयार असेल.

१९. एक रेन ट्री वर्षाला २८ टन कार्बन डायऑक्साइड शोषतं असा मेसेज फिरतोय, खरंय का?

हिशोब करून बघा. २८ टन कार्बन डायऑक्साइडमध्ये साधारण साडेसात टन कार्बन असतो. कोरड्या लाकडात निम्मा कार्बन, म्हणजे झाडाने एका वर्षात १५ टन नवीन लाकूड-पाला घडवला पाहिजे. कितीतरी मोठ्या रेन ट्रींचं तर खोड-फांद्या-मुळं सगळं धरून एकेका झाडाचं कोरडं वजन पण एवढं भरणार नाही. मेसेज पुढे पाठवू नका. झाडाची बाजू मांडायला असले आकडे लागत नाहीत, दुपारी दोन वाजता उघड्या डांबरी रस्त्यावर आणि मग झाडाखाली उभं राहिलं तरी पुरे.

२०. रस्त्यात येणारं मोठं झाड उचलून दुसरीकडे लावता येतं का?

लहान झाड येतं. मोठ्याचं मला पटत नाही. मुळं लांब आणि उथळ असल्यामुळे मातीच्या गोळ्यात फार थोडी येतात, पसारा तर सगळाच कापावा लागतो, मग जे नेलं जातं तो फक्त बुंधा असतो. या झाडाच्या जाड फांद्यांना सुद्धा मुळं फुटतात, त्यामुळे त्या बुंध्याला चार हिरवे कोंब आले की यशस्वी झालं म्हणून फोटो छापून येतात, पण कोंब साठवलेल्या अन्नावर येतात. दोन उन्हाळे काढले तर जगलं म्हणायचं, आणि त्या दोन उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार ते नाव आधी लिहून घ्या.

२१. बी रुजवून रोप करायचंय, नुसतं पेरलं तर येत नाही?

येतं, पण थोडंच आणि उशिरा, कारण कवच टणक. पिकलेली काळी शेंग पाण्यात भिजवून गर काढा, बी धुवून सावलीत वाळवा, भोक पडलेलं असेल ते फेकून द्या, भुंगेऱ्याने आतून खाल्लेलं असतं. मग पाणी उकळून गॅसवरून खाली घ्या, दोन-तीन मिनिटांनी, ८० अंशांच्या आसपास आलं की बियांच्या पाचपट पाणी त्यांच्यावर ओता, एक-दोन मिनिटांत ते काढून साधं पाणी घाला आणि २४ तास भिजत ठेवा. फुगलेल्या बिया पिशवीत पेरा, चार-पाच दिवसांत कोंब दिसायला लागतात. मोजक्याच बिया असतील तर गरम पाण्यापेक्षा नेलकटरने कवचाला बारीक खाच पाडणं जास्त खात्रीचं, फक्त कोंब निघतो ते टोक सोडून दुसऱ्या बाजूला पाडा.

रोपाला पहिल्यापासून ऊन लागतं, सावलीत ठेवलं तर लुकडं होतं. गुरं-शेळ्या शेंगाच नाही तर रोपं पण खातात, त्यामुळे कुंपण करा. लावायला जून-जुलै बरा. आणि पिशव्या भरायच्या आधी प्रश्न १४ परत एकदा वाचा, कारण वीस रोपं तयार करणं सोपं आहे, नाशिकमध्ये वीस मोकळ्या जागा शोधणं अवघड.